उंच टपाची गाडी

“आडवे व्हा,” हेमा म्हणाली.

“इथे?”

“मग कुठे? इथेच झोपायचंय आपल्याला.”

मी चपला काढून त्या गाडीच्या मोकळ्या पोटात शिरलो आणि पाठ टेकली. एप्रिलचे दिवस होते. तळाचा पन्हाळीदार पत्रा सदऱ्यातून चटका देत होता. हेमानं माझ्या डोक्यापासून टाचांपर्यंत टेप ताणला, आकडा बघितला, वहीत लिहिला. मग मला रुंदीच्या बाजूनं झोपायला लावलं. तसं झोपल्यावर गुडघे दुमडावे लागत होते.

“म्हणजे पलंग उभाच लावायचा,” ती स्वतःशीच म्हणाली. “तुमच्या उशाशी खिडकी पाडू. माझ्या पायांशी शेगडी. पाण्याची टाकी खाली, चाकाच्या वर येईल अशी.”

एवढं बोलून तिनं वही बाजूला ठेवली आणि तीही माझ्या शेजारी आडवी झाली. छप्पन्न वर्षांची बाई, ओढणीचा बोळा करून उशाला घेतलेला. मागचं दार सताड उघडं होतं आणि गाड्यांचा व्यापारी चौगुले बाहेर उभा राहून आमच्याकडे बघत होता. मी उठायला लागलो तर तिनं माझं मनगट धरलं.

“थांबा जरा. कसं वाटतं ते तर बघू द्या.”

मी पडून राहिलो. टपावर एक कावळा चालत होता, त्याच्या नखांचा आवाज आत ऐकू येत होता. हेमा हसत होती. आवाज न करता, डोळे मिटून.

या गोष्टीला आता बारा वर्षं झाली. मी तेव्हा दूध संघाच्या प्रयोगशाळेतून नुकताच निवृत्त झालो होतो. हेमा सांगलीत शाळेच्या मुलांची व्हॅन चालवायची. एकोणीस वर्षं चालवत होती. ती या धंद्यात हौसेनं आली नव्हती. मी आधी ज्या कारखान्यात होतो तो अचानक बंद पडला आणि मी दोन वर्षं घरी बसलो, तेव्हा तिनं महिनाभरात गाडी शिकून घेतली आणि एक जुनी व्हॅन रस्त्यावर आणली. सकाळी साडेसहाला निघायची. विश्रामबागेतून मुलं गोळा करून शाळेत सोडायची, दुपारी परत आणायची. मला पुढे दूध संघात नोकरी लागली तरी तिनं व्हॅन सोडली नाही. मुलं तिला व्हॅनकाकू म्हणायची. आमची मुलगी मुग्धासुद्धा तिच्याच व्हॅननं शाळेत गेली.

एकदा तिनं हिशेब केला होता. रोजचे इतके किलोमीटर, वर्षाचे इतके दिवस. कागद माझ्यापुढे ठेवून म्हणाली, “मी पृथ्वीला चार वेळा फेरी मारलीय, बघा. आणि मिरजेच्या पुढे गेलेली नाही.”

तेव्हापासून तिच्या डोक्यात ही गाडी होती. एक मोठी व्हॅन घ्यायची, आत पलंग, शेगडी, पाण्याची टाकी, कपाट करून घ्यायचं आणि निघायचं. आधी खाली कन्याकुमारीपर्यंत, मग पूर्वेच्या किनाऱ्यानं वर ओडिशापर्यंत. मुग्धाचं लग्न झालं, ती हैदराबादला गेली, तशी त्या वहीची पानं भरायला लागली. ती चित्रं काढायची, मला दाखवायची. मी म्हणायचो, “छान आहे.” माझ्या निवृत्तीला पाच वर्षं होती तेव्हाही म्हणालो, दोन वर्षं होती तेव्हाही म्हणालो. पुढे ढकललेल्या गोष्टीला हो म्हणायला काही लागत नाही.

मार्चअखेर मी निवृत्त झालो आणि एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात, शाळा संपल्याच्या तिसऱ्या दिवशी, ती मला घेऊन मिरज रस्त्यावरच्या चौगुल्याच्या वाड्यात आली. वाडा म्हणजे तारेचं कुंपण घातलेली मोकळी जागा. जुने टेम्पो, मिनीबस, पाण्याचे टँकर रांगेनं उभे.

त्या सकाळी आम्ही तीन गाड्या बघितल्या. पहिली एक जुनी रुग्णवाहिका. उंचीला चांगली, आत कपाटंही तयार होती. चौगुले म्हणाला, ही घेतली तर अर्धं काम वाचलं. हेमा आत गेली, सलाईनची बाटली अडकवायच्या हुकाला हात लावला आणि बाहेर आली. “यात मला झोप यायची नाही,” म्हणाली. दुसरी शाळेचीच मिनीबस. तिचा रबरी गालिचा हेमानं कोपऱ्यातून उचलला, खाली गंज होता. तिनं बोट लावलं तर पत्र्याचा पापुद्रा निघून आला. तिनं तो चौगुल्याच्या हातावर ठेवला.

तिसरी ही. कुठल्याशा कंपनीची सामान पोचवणारी पांढरी, उंच टपाची गाडी. खिडक्या नाहीत, आत काही नाही, नुसती पोकळी. हेमा आत उभी राहिली आणि तिनं मान वर केली. डोक्याला टप लागत नव्हता. दोन्ही हात बाजूला पसरले, तर हातही सहज पसरत होते. मग ती बाहेर येऊन कामाला लागली. घरून फ्रिजवरचं लोहचुंबक आणलं होतं, ते तिनं सगळ्या अंगानं फिरवलं. जिथे पत्रा ठोकून वर लांबी, म्हणजे पुट्टी, भरलेली असते तिथे चुंबक चिकटत नाही. ते सगळीकडे चिकटलं. चारही टायरांवरून तळवा फिरवला. चौगुल्याला बादलीभर पाणी टपावर ओतायला लावलं आणि आत जाऊन कोपरे चाचपले. इंजिन गार असताना सुरू करायला लावलं, मागे जाऊन धूर बघितला, मग बॉनेटवर हात ठेवून बराच वेळ ऐकत राहिली.

चौगुले हे सगळं बघत माझ्याशी बोलत होता. “साहेब, एका मालकाची गाडी आहे. साहेब, तुम्हाला हायवेला एकदम हलकी जाईल.”

“मी चालवत नाही,” मी म्हणालो. “मला येत नाही.”

“मग ड्रायव्हर ठेवणार?”

“मी चालवणार,” हेमा बॉनेटवरून हात न काढता म्हणाली.

चौगुल्यानं तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. “आणि साहेब काय करणार?”

“साहेब नकाशा बघतील,” हेमा म्हणाली. तिनं ते सहज म्हटलं, चेष्टेनं. चौगुले हसला. मीही हसलो.

दूध संघात माझा निरोपसमारंभ झाला तेव्हा आमच्या प्रयोगशाळेतल्या सुतारनं भाषणात सांगितलं होतं की नांद्रेकर आता भारतभ्रमणाला निघणार, वहिनी ड्रायव्हर आणि हे क्लीनर. सगळा हॉल हसला होता. तो हशा मी तेव्हापासून सोबत घेऊन हिंडत होतो. चौगुल्याच्या वाड्यात तो पुन्हा वर आला.

त्यानंतर ते आडवं होणं झालं. उठताना हेमानं माझ्या पाठीवरची धूळ झटकली आणि चौगुल्याला सांगितलं, “उद्या दहा वाजता आमच्या मिस्त्रींना घेऊन येते. त्यांनी हो म्हटलं की गाडी आमची.”

मिस्त्री म्हणजे बाबालाल मुलाणी. शंभरफुटी रस्त्याच्या मागे त्यांचं गॅरेज. हेमाच्या व्हॅनला एकोणीस वर्षांत दुसऱ्या कुणाचा हात लागला नव्हता. एकदा ब्रेक नीट लागेनात म्हणून तिनं पहाटे पाचला त्यांना उठवलं होतं आणि त्यांनी साडेसहाच्या आत गाडी दुरुस्त करून दिली होती. हेमा देवाच्या खालोखाल मुलाण्यांचा शब्द मानायची. कदाचित देवाच्याही वर. देवाला तिनं कधी गाडी दाखवली नव्हती.

घरी येऊन ती वही घेऊन बसली. जेवताना वही ताटाशेजारी होती. पलंगाखाली काय काय मावेल याची यादी चालली होती. तिनं विचारलं, “तुमची पुस्तकं किती घ्यायची?” मी म्हणालो, “घे दहा-बारा.” ती म्हणाली, “गणपतीनंतर निघू. पाऊस ओसरलेला असेल. पाच महिन्यांत गाडी तयार होते, मी विचारलंय.”

“आणि तुझी व्हॅन? मुलं?”

“गणपतीपर्यंत मी चालवीन. पुढे त्या कदमांची सून तयार आहे घ्यायला. तिच्याशी बोलून ठेवलंय.”

म्हणजे सगळं ठरलेलं होतं. मी ताटातला भात चिवडत बसलो.

संध्याकाळी सहाच्या सुमाराला भाजी आणतो म्हणून मी बाहेर पडलो आणि पिशवी घेऊन थेट मुलाण्यांच्या गॅरेजवर गेलो. ते हात धूत होते. मला बघून त्यांना आश्चर्य वाटलं, कारण मी तिथे कधी जात नसे.

“या साहेब. ताईंचा फोन आला होता. उद्या गाडी बघायचीय ना?”

“त्याबद्दलच आलोय.”

त्यांनी स्टूल पुढे केलं. मी बसलो नाही. मी वाटेत वाक्य जुळवत आलो होतो आणि बसलो असतो तर ते विसरलो असतो.

“मिस्त्री, ती गाडी उद्या नापास करायची.”

“खराब आहे?”

“ते मला कळत नाही. पण नापास करायची.” ते माझ्याकडे बघत राहिले. तेव्हा मी ते म्हणालो. “हेमाला हृदयाचा त्रास आहे. डॉक्टरांनी लांबचा प्रवास नको म्हणून सांगितलंय. तिला हे माहीत नाही. सांगितलं तर ती हाय खाईल.”

मुलाण्यांनी टॉवेल खांद्यावर टाकला.

“कधी कळलं?”

“महिना झाला.”

“आणि ताईंना काहीच जाणवत नाही?”

“मधून मधून दम लागतो. ती म्हणते, वयामुळे.”

“या अल्ला,” ते हळूच म्हणाले आणि स्टूलवर स्वतःच बसले. “साहेब, मी गाडीच्या बाबतीत ताईंशी कधी खोटं बोललेलो नाही.”

“तिच्या जिवासाठी बोलायचंय,” मी म्हणालो.

येताना मी दोडका आणि कोथिंबीर घेतली. दोडका मी निवडून घेतला नाही म्हणून हेमानं कुरकुर केली.

दुसऱ्या दिवशी मुलाणी आले. गाडीखाली शिरले, बॉनेट उघडलं, गाडी मिरज रस्त्यावर दोन किलोमीटर चालवून आणली. हेमा त्यांच्या शेजारी बसून गेली. परत आली तेव्हा तिच्या चालण्यावरूनच कळत होतं. तिला गाडी आवडली होती आणि मिस्त्रींनाही आवडली असणार याची तिला खात्री होती.

मुलाण्यांनी बॉनेट लावलं. हात पुसले. पुसून झाल्यावरही पुसत राहिले.

“नको घ्यायला ताई.”

“का?”

“इंजिन उघडलेलं आहे. ब्लॉकला बारीक चीर असावी, असं वाटतंय. आत्ता कळणार नाही. लांबच्या घाटात चढ लागला की गरम होईल. मग रस्त्यातच बसेल.”

चौगुले पुढे आला. “ओ मिस्त्री, काय बोलताय? कंपनीतून आल्यापासून त्या इंजिनला पाना लागलेला नाही.”

“तुम्ही थांबा,” हेमा त्याला म्हणाली. तिनं स्वतः बॉनेट उघडलं, ऑइलची काडी काढली, बोटावर घेऊन बघितलं, वास घेतला. “ऑइलात पाणी तर उतरलेलं दिसत नाही.”

“आत्ता नाही दिसणार, ताई.”

“धूरही साफ आहे.”

मुलाणी हातातल्या फडक्याची घडी घालत राहिले.

हेमानं काडी जागेवर ठेवली. मग सरळ उभी राहून तिनं त्यांना विचारलं, “मिस्त्री, तुमच्या मुलीला घ्यायची असती, तर घेऊ दिली असती?”

मी कुंपणाशी उभा होतो. मुलाण्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. त्यांनी आपल्या हातांकडे पाहिलं.

“नसती घेऊ दिली.”

“मग झालं,” हेमा म्हणाली.

परत येताना ती व्हॅन चालवत होती आणि मी बाजूला बसलो होतो. विजयनगरच्या चौकात लाल दिवा लागला तेव्हा म्हणाली, “बरं झालं मिस्त्रींना नेलं. माझ्या एकटीच्या कानावर भरवसा ठेवला असता तर फसलो असतो.” थोड्या वेळानं पुन्हा म्हणाली, “कान गेले वाटतं माझे. मला ते इंजिन इतकं गोड वाटलं होतं.”

मी म्हणालो, “होतं असं.”

ती गाडी आठवड्यात दुसऱ्या कुणीतरी नेली. हेमानं मे महिन्यात आणखी गाड्या बघायचं म्हटलं, पण मुलाणी टाळाटाळ करायला लागले. कधी लग्न, कधी कंबर. त्यांच्याशिवाय ती गाडी बघायची नाही, हे मला ठाऊक होतं. वही कपाटात गेली. मला वाटलं, मिटलं.

जूनमध्ये शाळा उघडायच्या आधी आठ दिवस फोन यायला लागले. पहिला फोन मुलाण्यांच्या सुनेचा. त्यांची नात सानिया दोन वर्षं हेमाच्या व्हॅननं जायची. सून म्हणाली, यंदा सानियाला तिचे पप्पा सोडतील. मग त्याच गल्लीतल्या दोन घरांतून फोन आले. आम्ही स्कूलबस लावली, म्हणाले. मग एका आईनं फोनवर नुसतं एवढंच सांगितलं, “काकू, तुम्ही आता आराम करा. खूप केलंत आमच्या मुलांसाठी.” हेमा फोन ठेवून मला म्हणाली, “हिला काय झालं?”

चौदा मुलांपैकी चार उरली. त्यांतलं एक दुसऱ्या दिवशी गेलं.

हेमाला काही कळेना. तिनं घरोघरी जाऊन विचारलं. माझ्या चालवण्यात काही चुकलं का, कुणी काही तक्रार केली का. लोक तिला पाणी देत, बसा म्हणत, तब्येतीला जपा म्हणत. एका घरी तिला जिन्यानं वर येऊ दिलं नाही, तेच लोक खाली आले. हे ती घरी येऊन सांगायची आणि मी ऐकून घ्यायचो. माझ्या लक्षात पहिल्या फोनलाच आलं होतं. सानिया त्या व्हॅननं जाते हे मला आधीपासून माहीत होतं. मुलाण्यांना मी जे सांगितलं ते खरं मानणारा माणूस आपल्या नातीला त्या व्हॅनमध्ये कसा बसवील, एवढा साधा विचार मी केला नव्हता. आता मी करू काय शकत होतो? खरं सांगू शकत होतो. मी रोज संध्याकाळी ठरवायचो, उद्या सांगू.

शाळा सुरू झाल्यावर दुसऱ्या रविवारी सकाळी मुलाणी स्वतः आमच्या घरी आले. पांढरा सदरा, हातात खजुराचा डबा. गॅरेजच्या कपड्यांशिवाय मी त्यांना पहिल्यांदाच बघत होतो. हेमानं त्यांना बसायला सांगितलं. ते खुर्चीच्या कडेवर बसले.

“ताई, माफी मागायला आलोय.”

“कशाची?”

“सानियाला काढली म्हणून. मला झोप लागत नाही. पण घरात लहान पोर, मन धजत नव्हतं. मी फक्त सुनेला सांगितलं होतं. तिच्या तोंडून कुठे कुठे गेलं…” ते थांबले. “तुमची तब्येत बरी आहे ना आता? साहेबांनी तुम्हाला सांगितलंच असेल एव्हाना.”

हेमा माझ्याकडे वळली नाही. ती मुलाण्यांकडेच बघत राहिली. “काय सांगितलं असेल?”

मुलाण्यांचा चेहरा उतरला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत होतो.

“काय सांगितलं असेल, मिस्त्री? बोला.”

“तुमच्या हृदयाचं.”

खोलीत पंखा फिरत होता. हेमा एक एक गोष्ट जागेवर लावत होती, हे मला तिच्या डोळ्यांवरून दिसत होतं. फोन, स्कूलबस, तो जिना. मग ती मनानं मागे गेली, आणखी मागे, आणि एका जागी थांबली.

“मिस्त्री,” ती म्हणाली, “त्या गाडीच्या ब्लॉकला चीर होती का?”

मुलाणी मान खाली घालून म्हणाले, “नव्हती, ताई.”

“कशी होती गाडी?”

“नका विचारू.”

“विचारतेय.”

“दहा वर्षांत तेवढी चांगली गाडी माझ्या हाताखालनं गेली नाही.”

हेमानं मान हलवली. जणू एवढंच जाणून घ्यायचं होतं. “म्हणजे माझे कान ठीक आहेत,” ती म्हणाली आणि उठली. “चहा घेऊन जा.”

तिनं चहा केला. तिघांनी प्यायला. मुलाणी जाताना दाराशी थांबून मला म्हणाले, “साहेब, तुम्ही मला काय करायला लावलंत.” आवाज चढवला नाही. त्यानंतर ते आमच्या घरी आले नाहीत.

हेमानं कपबश्या विसळल्या. मी स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभा राहिलो. माझ्याकडे पाठ करूनच ती म्हणाली, “तुम्हाला यायचं नव्हतं.”

“हो.”

“मग नको म्हणायचं. एवढाच एक शब्द होता. मी एकटी गेले असते.”

उत्तर माझ्याजवळ होतं, आणि ते त्या दिवसापर्यंत मी स्वतःलाही नीट सांगितलेलं नव्हतं. क्लीनर, नकाशा, लोकांचं हसणं हे सगळं खरं होतं, पण त्यासाठी कुणी एवढं करत नाही. त्या गाडीत ती डोळे मिटून हसत पडली होती तेव्हाच मला कळलं होतं, की मी नको म्हटलं तर ती पलंग अरुंद करील आणि निघून जाईल. तिला वाईट वाटेल, पण ती जाईल. मला नको म्हणायची भीती नव्हती. मला तिच्या एकटीनं जाण्याची भीती होती.

ती वळली आणि तिनं माझ्याकडे बघितलं. मला वाटतं, तिला ते दिसलं. तिनं नळ बंद केला.

ती तीन मुलं तिनं वर्षभर ने-आण केली, शब्द दिला होता म्हणून. एप्रिलमध्ये व्हॅन विकली. त्या दिवसानंतर ती स्टिअरिंगला बसली नाही. घरात भांडण झालं नाही. ती माझ्याशी बोलते, जेवायला वाढते, माझ्या रक्तदाबाच्या गोळ्या आठवणीनं देते. बाहेरचं कुणी बघितलं तर म्हणेल, म्हातारा-म्हातारीचं बरं चाललंय.

मुलाण्यांचं गॅरेज आता मुलगा बघतो. ते रस्त्यात दिसले तर हेमाला हात उचलून सलाम करतात, तीही करते. मला करत नाहीत.

दोन वर्षांनी मी धीर करून म्हणालो होतो, “आपण ती गाडी घेऊया का? तुला हवी तशी. मी येतो.”

ती तांदूळ निवडत होती. “घेऊन दाखवायची कुणाला?” म्हणाली.

मला आधी कळलं नाही. मग कळलं. गाडी चांगली आहे असं जगात ज्या एका माणसानं सांगितल्यावर तिनं मानलं असतं, तो माणूस मी तिच्यापासून काढून घेतला होता. पुन्हा मी तो विषय काढला नाही.

गेल्या डिसेंबरात मुग्धा आणि जावई आठ दिवस आले. त्यांनी नवी मोठी गाडी घेतली होती, सात जणांची. दुपारी आम्ही पुढच्या खोलीत बसलो होतो. हेमा मेथी निवडत होती. मुग्धा तिच्याजवळ जमिनीवर बसून म्हणाली, “आई, ऐक. जानेवारीत पंधरा दिवस आपण चौघं निघू. हैदराबादहून सरळ किनारा गाठायचा आणि ओडिशापर्यंत वर जायचं. तुझ्या वहीत होतं ना सगळं? तुला वाटलं तर गाडी तू चालव.”

हेमाचे हात क्षणभर थांबले. मग पुन्हा चालू झाले.

“मला नाही जमायचं,” ती म्हणाली. “मला लांबचा प्रवास नको म्हणून सांगितलंय डॉक्टरांनी.”

“डॉक्टरांनी? कधी?”

“झाली बरीच वर्षं. हृदयाचं आहे.”

मुग्धा घाबरली. तिनं आईचा हात धरला, मग माझ्याकडे वळली. “बाबा, हे मला कुणीच कसं सांगितलं नाही? कोणत्या डॉक्टरांनी सांगितलं?”

हेमानं मेथीतून मान वर केली. मुलाणी बसले होते त्या दिवसानंतर ती पहिल्यांदाच माझ्याकडे अशी बघत होती, थेट, न हलता. तिनं मला अडवलं नसतं. मी खरं काय ते सांगितलं असतं तर मुग्धानं मला काय म्हटलं असतं कोण जाणे, पण हेमानं ते ऐकून घेतलं असतं. कदाचित जुडी बाजूला ठेवून ती उठली असती आणि कपाटातून वही काढली असती. ती वाट बघत होती.

“आपले ते डॉक्टर बर्वे,” मी म्हणालो. “वारले ते मागे.”

हेमानं मान खाली घातली आणि पुढची काडी उचलली.

“चांगले होते,” ती म्हणाली.